युझेफुफची पहाट : सामान्य माणसे मारेकरी कशी झाली? #थ्रेड

१/ १३ जुलै १९४२. नाझीव्याप्त पोलंडमधील युझेफुफ हे गाव. जर्मनीच्या राखीव पोलीस बटालियन १०१ चे सुमारे ५०० जवान पहाटे अर्धवर्तुळात उभे होते. आदेश सांगताना त्यांचा प्रमुख मेजर विल्हेल्म ट्राप याच्या डोळ्यांत अश्रू होते. काम करू शकणारे ज्यू पुरुष वेगळे काढायचे आणि स्त्रिया, मुले व वृद्धांना गोळ्या घालायच्या, असा तो आदेश होता.

२/ त्यानंतर ट्रापने एक विलक्षण मुभा दिली. ज्या वयस्क जवानांना हे काम झेपणार नसेल, त्यांनी पुढे यावे. सुमारे बाराजण पुढे आले. त्यांना कोणतीही शिक्षा झाली नाही. संध्याकाळपर्यंत जवळच्या जंगलात सुमारे १५०० ज्यूंची हत्या झाली होती.

३/ हे जवान कोण होते? बहुतांश हॅम्बर्गचे गोदी कामगार, ट्रकचालक, कारकून. सरासरी वय ३९. हिटलर १९३३ मध्ये सत्तेवर आला तेव्हा ते प्रौढ होते. नाझी शाळांत घडलेली ही पिढी नव्हती.

४/ इतिहासकार ख्रिस्तोफर ब्राउनिंग यांनी १२५ जवानांच्या युद्धोत्तर जबान्या अभ्यासून १९९२ मध्ये ‘ऑर्डिनरी मेन’ हा ग्रंथ लिहिला. त्यांच्या मते समूहाचा दबाव निर्णायक ठरला. बाजूला होणे म्हणजे नकोसे काम सोबत्यांच्या माथी मारणे आणि स्वतः ‘भित्रा’ ठरणे.

५/ समाजाने याची जमीन आधीच तयार केली होती. १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी ज्यूंना नागरिकत्वाबाहेर काढले. वर्षानुवर्षांच्या प्रचाराने त्यांना शत्रू ठरवले. जर्मनीत स्त्रिया व मुलांवर बॉम्ब पडत आहेत, हे ध्यानात ठेवा, असे ट्रापनेही त्या पहाटे बजावले.

६/ तिसरा घटक श्रमविभागणीचा. युझेफुफनंतर अनेक जवान हादरले होते. पुढील मोहिमांत गोळ्या झाडण्याचे काम बरेचदा इतर पथकांकडे गेले किंवा ज्यूंना रेल्वेने ट्रेब्लिंकाला धाडले गेले. कोणी वेढा घाली, कोणी डबे भरी. मृत्यू नजरेआड घडू लागला, तसा मनावरचा भार हलका झाला.

७/ डॅनियल गोल्डहागेन यांनी १९९६ मध्ये त्याच जबान्यांवरून वेगळा निष्कर्ष काढला : मूळ कारण जर्मन समाजातील खोल ज्यूद्वेष. ब्राउनिंग यांनी बटालियनमधील लक्झेंबर्गच्या जवानांकडे लक्ष वेधले. त्यांची जडणघडण जर्मन समाजातली नव्हती. तरीही त्यांचे वर्तन सोबत्यांहून फारसे निराळे दिसत नाही.

८/ या एका बटालियनने किमान ३८,००० ज्यूंना गोळ्या घातल्या आणि ४५,००० जणांना ट्रेब्लिंकाला पाठवण्यात भाग घेतला.

९/ ‘नकार दिला असता तर आम्हीच मेलो असतो’ हा युद्धोत्तर खटल्यांतील नेहमीचा बचाव. परंतु निःशस्त्र नागरिकांना मारण्यास नकार दिल्याबद्दल कठोर शिक्षा झाल्याचे एकही प्रकरण बचावपक्षाला दाखवता आले नाही. दबाव, प्रचार आणि श्रमविभागणी हत्याकांड कसे शक्य झाले ते सांगतात. दोषमुक्ती मात्र देत नाहीत. त्या पहाटे पुढे आलेले बाराजण त्याच शहरातून, त्याच प्रचारातून आणि त्याच रांगेतून आले होते.