गिरणगावची जमीन : एका वाटणीचा इतिहास

परप्रांती स्थिरावलेली आपण मराठी माणसे मंडळाच्या छायेत एकत्र येतो, सण साजरे करतो, अडीअडचणीला एकमेकांच्या उपयोगी पडतो. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेल्या कामगारांनी हेच आपल्याआधी कितीतरी वर्षे केले होते. गावकीची खोली, भजनी मंडळ, बायकांनी चालविलेली खानावळ ही त्यांची मंडळेच होती. म्हणून त्या भूमीचे पुढे काय झाले, हे आम्ही येथे थोडक्यात नमूद करीत आहोत.

१८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेव येथे कापडगिरणीचा पाया घातला. १८५६ मध्ये तिचे उत्पादन सुरू झाले. पुढे लालबाग, परळ, वरळीपर्यंत गिरण्यांची धुराडी उभी राहिली आणि भोंग्याच्या तालावर लक्षावधींचे जीवन चालू लागले. अमर शेख, अण्णाभाऊ साठे यांचे डफ याच वस्तीत कडाडले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याला येथूनच बळ मिळाले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्या संपानंतर अनेक गिरण्या पुन्हा सावरल्याच नाहीत, आणि कापडापेक्षा गिरणीखालच्या जमिनीचेच मोल वाढले.

ही जमीन सुमारे सहाशे एकर होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने तिची ढोबळमानाने तीन हिस्स्यांत वाटणी ठरविली : एक हिस्सा मैदाने-उद्यानांसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला आणि एक मालकाला. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या समितीने १९९६ मध्ये या परिसराचा एकत्रित विचार करणारा आराखडाही मांडला. परंतु २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी संपूर्ण जमिनीची न राहता केवळ मोकळ्या जमिनीची झाली. इमारती पाडून रिकामी होणारी जागा तीतून वगळली गेली. गिरणीचा बहुतेक आवार बांधकामानेच व्यापलेला असल्याने लोकांच्या वाट्याला फारच थोडे उरले. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने जनतेच्या बाजूने निर्णय दिला. मात्र ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला.

आज लोअर परळला फिनिक्स गिरणीच्या आवारात बाजारसंकुल आहे. जुने धुराडे तेवढे शोभेसाठी राखले आहे. कामगारांच्या घरांची पहिली सोडत २०१२ मध्ये निघाली. अर्जदार लाखाहून अधिक, घरे मात्र सुमारे सात हजार!

जुन्या वास्तूंचा नव्याने उपयोग व्हावा, याला आमचा विरोध नाही. शहरे अशीच वाढतात. परंतु धुराडे राखणे म्हणजे इतिहास राखणे नव्हे. ज्यांच्या घामावर ती भूमी मोलाची झाली, त्यांना तेथे राहावयास एक खोली आणि त्यांच्या मुलांना खेळावयास एक मैदान मिळाले असते, तर तेच गिरणगावचे खरे स्मारक ठरले असते.