कळ दाबली, अक्षर कुठे गेले?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. दहावीच्या मुलांचे गुण संगणकावर भरण्याचा शेवटचा दिवस होता. आमच्या परिचयाच्या एका शिक्षिका भर दुपारी आमच्या प्रयोगशाळेत आल्या. हातात कापडी पिशवी आणि पिशवीत तीन कळफलक. शाळेच्या कार्यालयातील संगणकाने सकाळी सुरू होताना बराच वेळ स्वतःला अद्ययावत करण्यात घालवला होता, आणि त्यानंतर एकही कळ चालेना. माऊस मात्र व्यवस्थित चालत होता. बाईंनी शेजारच्या खोलीतला कळफलक लावून पाहिला, मग बाजारातून नवा कोरा आणला. तिन्ही मुके! "एकाच दिवशी तीन कळफलक कसे हो बिघडतील?" त्यांनी विचारले.

आम्ही तिन्ही कळफलक एकेक करून आमच्या संगणकाला जोडले. तिन्ही चालले.

म्हणजे दोष कळफलकात नव्हता. मग तो कुठे होता? याचे उत्तर नीट समजावे म्हणून थोडा इतिहास पाहावा लागेल. 'कळ दाबली की अक्षर उमटते' हे वाक्य आपण सहज बोलतो. पण कळ आणि अक्षर यांतले अंतर गेल्या दीडशे वर्षांत सारखे वाढत गेले आहे.

सुरुवात टंकलेखन यंत्रापासून करू. अमेरिकेतील ख्रिस्टोफर शोल्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १८६८ मध्ये आपल्या यंत्राचे एकस्व घेतले आणि १८७४ च्या सुमारास रेमिंग्टन कंपनीने ते बाजारात आणले. आपल्याकडे गोदरेजने १९५५ मध्ये पहिले भारतीय टंकलेखन यंत्र तयार केले. अनेक वाचकांनी ही यंत्रे टायपिंगच्या वर्गात बडवली असतील. तिथे कळ म्हणजे एका तरफेचे टोक आणि अक्षर म्हणजे दुसरे टोक. 'क' ची कळ कायमची 'क' ची. ती अडकली तर कुठे अडकली ते डोळ्यांनी दिसते आणि बोटाने सोडवता येते.

पुढचा टप्पा तारयंत्राच्या घराण्यातील टेलिप्रिंटरचा. १९६३ मध्ये आलेल्या 'टेलिटाइप ३३' या यंत्रात कळ दाबली की आतल्या धातूच्या पट्ट्या सरकत आणि त्या अक्षराचा सांकेतिक क्रमांक तारेवरून जाई. हा क्रमांक त्याच वर्षी ठरलेल्या 'ॲस्की' संकेतातला असे. त्यात मोठ्या 'ए' साठी ६५. सुरुवातीच्या अनेक लहान संगणकांना हेच यंत्र जोडलेले असे. अक्षराची आता संख्या झाली होती. पण कोणत्या कळीची कोणती संख्या, हे अजून कळफलकातल्या लोखंडातच ठरलेले होते.

खरा बदल झाला तो आयबीएमच्या वैयक्तिक संगणकात. हा संगणक १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर झाला. त्याच्या ८३ कळींच्या कळफलकात इंटेलचा ८०४८ हा छोटा सूक्ष्मनियंत्रक बसवला होता. हा नियंत्रक अक्षर पाठवीतच नसे! तो पाठवी फक्त कळीचा अनुक्रमांक, जणू बाकावरच्या विद्यार्थ्याचा हजेरी क्रमांक. डाव्या कोपऱ्यातली 'एस्केप' ही पहिली, मग १ च्या आकड्याची कळ दुसरी. असे मोजत गेले की 'क्यू' सोळावी आणि 'ए' तिसावी. कळ सोडली की त्याच क्रमांकात १२८ मिळवून पाठवायचे. म्हणजे 'ए' दाबल्यावर ३० आणि सोडल्यावर १५८. ६५ चा इथे पत्ताच नाही.

मग अक्षर कोण ठरवी? कळफलकाकडून क्रमांक आला की संगणकाचा प्रक्रियक हातातले काम थांबवून रॉममध्ये कायमच्या कोरलेल्या एका आज्ञावलीकडे वळे. ती 'शिफ्ट' दाबलेली आहे का ते पाही, तक्त्यात शोधून अक्षर काढी आणि रांगेत ठेवी. रांगेत पंधरा अक्षरांपुरती जागा. त्याहून भराभर टंकले तर संगणक 'पीप' करून तक्रार करी. कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट या तीन कळा एकत्र दाबल्या की संगणक नव्याने सुरू होणे, ही डेव्हिड ब्रॅडली या अभियंत्याची करामतही याच आज्ञावलीत होती.

असे द्राविडी प्राणायाम का केले? कारण त्यामुळे एकच कळफलक अनेक भाषांना चालतो. बदलायचा तो फक्त तक्ता. फ्रान्समध्ये, जर्मनीत हे झालेच, पण त्याचा फार मोठा लाभ आपल्या लिपींना झाला. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले 'जिस्ट' तंत्रज्ञान पुढे पुण्याच्या सी-डॅकने (स्थापना १९८८) वाढवले. संगणकात एक जादा कार्ड बसवले की इंग्रजी कळफलकावरून देवनागरी लिहिता येई. १९९१ च्या भारतीय मानकात नोंदलेल्या 'इन्स्क्रिप्ट' मांडणीत 'जे' च्या कळीवर 'र' आहे आणि 'एल' च्या कळीवर 'त'. कळफलकाला याची गंधवार्ताही नसते. तो आपला ३६ नि ३८ पाठवीत राहतो.

१९८४ च्या 'एटी' संगणकात आणखी एक गोष्ट झाली. मुख्य पाटीवर कळफलकासाठी ८०४२ हा स्वतंत्र नियंत्रक आला आणि वाहतूक दुतर्फा झाली. 'कॅप्स लॉक' चा दिवा आठवा. तो कळ दाबल्यामुळे लागतो असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात कळफलक क्रमांक पाठवतो, संगणक तो वाचतो आणि 'दिवा लाव' अशी उलट आज्ञा देतो. तेव्हा हा दिवा लागत-विझत असेल तर निरोप जाऊन परतही आला, असे समजायला हरकत नाही. वर्गात करून दाखवण्याजोगा हा प्रयोग आहे, तोही बिनखर्चाचा.

इथपर्यंत अर्थ लावणारी आज्ञावली रॉममध्ये होती. म्हणजे शिलालेखासारखी, सहजी न बदलणारी. त्या काळी कळफलक जोडलेला नसला तर पडद्यावर कळफलकाचा दोष आहे असा संदेश येई आणि पुढे जाण्यासाठी 'एफ-१' दाबा अशी सूचना! या विनोदावर संगणकवाल्यांच्या दोन पिढ्या हसल्या. पण हा काळ संपत आला होता. विंडोज एनटी (१९९३) आणि पाठोपाठ विंडोज ९५ यांनी रॉममधली आज्ञावली बाजूला सारून हे काम चकतीवरील आज्ञावल्यांकडे सोपवले. याच त्या 'ड्रायव्हर' म्हणजे उपकरण हाकणाऱ्या आज्ञावल्या. १९९६ मध्ये यूएसबी जोडणी आली. तिने कळींना पुन्हा नवे क्रमांक दिले. तिथे 'ए' चा क्रमांक ४. जोडण्यांचे असे प्रकार वाढल्यावर शिलालेख पुरेसा नव्हता, हे मान्यच करायला हवे.

आजच्या विंडोजमध्ये हे ड्रायव्हर एकावर एक रचलेले असतात. सर्वांत खाली विशिष्ट जोडणी जाणणारा. जुन्या गोल जोडणीसाठी एक, यूएसबीसाठी दुसरा. (जुन्या जोडणीच्या ड्रायव्हरच्या नावात अजूनही '८०४२' हा आकडा आहे. गाव उठून गेले तरी बसथांब्याचे नाव राहते तसे.) त्यांच्या वर सर्व कळफलकांचा मिळून एक सामाईक ड्रायव्हर. आणि या दोघांच्या सोबतीला 'फिल्टर' नावाचे पाहुणे. आवाज कमी-जास्त करणाऱ्या किंवा पडद्याचा उजेड बदलणाऱ्या खास कळींसाठी संगणक बनवणाऱ्या कंपन्या असे फिल्टर घालतात. प्रत्येक कळीचा क्रमांक या चाळणीतून जातो. चाळणीचे नाव विंडोजच्या नोंदवहीत लिहिलेले असते. अद्ययावत करताना फाइल गेली आणि नाव मात्र राहिले, तर विंडोज त्या नावाची फाइल शोधते, ती सापडत नाही, आणि कळफलकाची सगळी साखळीच उभी राहत नाही. कळफलक जुना असो की नवा, या सामाईक वाटेवरच धोंड पडलेली असते.

आणि २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० पासून ड्रायव्हरच्या नव्या आवृत्त्या बहुधा न विचारताच घरपोच येऊ लागल्या. ऑक्टोबर २०१८ मध्ये एचपीच्या संगणकांसाठीचा कळफलकाचा असाच एक फिल्टर अद्ययावत होऊन आला, आणि अनेक संगणक सुरू होतानाच निळा पडदा दाखवून थांबले. त्याहून मासलेवाईक प्रसंग ऑक्टोबर २०२५ मधला. १४ तारखेला आलेल्या विंडोज ११ च्या सुधारणेनंतर एरवी कळफलक ठीक चालत होते. पण संगणक बिघडला तर दुरुस्तीसाठी जो खास विभाग उघडतो, नेमके तिथेच यूएसबी कळफलक आणि माऊस चालेनात! आग लागल्यावरच कुलूप आठवावे, तसे. सहा दिवसांत मायक्रोसॉफ्टला तातडीची दुरुस्ती पाठवावी लागली. 'एफ-१ दाबा' या जुन्या विनोदाची ही नवी आवृत्ती म्हणायची.

आता शाळेकडे वळू. संध्याकाळी आम्ही बाईंबरोबर गेलो. पहिले काम केले ते हे : संगणक बंद करून पुन्हा चालू केला आणि विंडोज येण्यापूर्वीच कळ दाबून संगणकाची मूळ मांडणी दाखवणारा पडदा उघडला. कळफलक तिथे उत्तम चालला. बाणांच्या कळींनी हवे तिथे जाता आले. यूएसबी कळफलकांना याच वेळेसाठी एक साधी बोली शिकवलेली असते, तिला विंडोजचे ड्रायव्हर लागत नाहीत. एवढ्या एका पाहणीत कळा, तार, खाच आणि मुख्य पाटी हे सगळे निर्दोष ठरले. नंतर विंडोज सुरू झाल्यावर 'कॅप्स लॉक' दाबले. दिवा लागेना.

दोष विंडोजच्या थरांमध्ये होता हे ठरले. पण परवलीचा शब्द कसा लिहायचा? प्रवेशाच्या पडद्याच्या कोपऱ्यात अपंगांच्या सोयीसाठी दिलेले चिन्ह असते. त्यातून पडद्यावरचा कळफलक उघडतो आणि माऊसने एकेक अक्षर टिपता येते. तो कळफलक ड्रायव्हरच्या वाटेने येतच नाही, म्हणून तो चालला. आत गेल्यावर उपकरणांच्या यादीत कळफलकापुढे पिवळे चिन्ह होते आणि ड्रायव्हर लोड करता येत नाही असा ३९ क्रमांकाचा दोष. जुन्या आवृत्तीकडे परतण्याचे जे बटण २००१ च्या विंडोज एक्सपीपासून दिलेले असते, ते इथे दाबता येण्याजोगे नव्हते. मागची आवृत्ती शिल्लकच नव्हती. नोंदवहीत हात घालणे आम्हाला त्या दिवशी जोखमीचे वाटले, कारण एक चुकीची खोडाखोड आणि गुण भरायचे राहिले असते. सुदैवाने संगणकाने आदल्या दिवशीच्या स्थितीची नोंद ठेवलेली होती. माऊसनेच तिकडे परत जाण्याची आज्ञा दिली. अशा परतीत ड्रायव्हर आणि नोंदवही मागे जातात. आपण लिहिलेल्या फाइली जागच्या जागी राहतात. पंचवीस मिनिटे लागली. त्या वेळात शिपाईमामांनी दोनदा चहा आणला.

संगणक पुन्हा सुरू झाला, बाईंनी न बोलता 'कॅप्स लॉक' दाबले आणि हिरवा दिवा लागला. शेवटच्या मुलाचे गुण भरून झाले तेव्हा साडेनऊ वाजले होते. बाजारातून आणलेला कळफलक दुकानदाराने परत घेतला नाही. तो हल्ली शाळेच्या विज्ञानकक्षात आहे, मागचे झाकण काढलेला. आतला पातळ पडदा आणि कोपऱ्यातली इवलीशी चिप नववीची मुले भिंगातून पाहतात.