परमिटची शिस्त : छत्तीसगडच्या वीज कंपनीची सुरक्षेची वाटचाल

रायपूरच्या डंगनिया भागातून छत्तीसगडच्या सरकारी वीज कंपन्यांचा कारभार चालतो. कोरब्याच्या औष्णिक केंद्रांपासून बस्तरच्या जंगलातल्या शेवटच्या खांबापर्यंत ही यंत्रणा पसरलेली आहे. किती मेगावॅट वाढले, किती गावे उजळली, याच्या नोंदी सर्वत्र सापडतात. या कंपन्यांची आणखी एक वाटचाल तेवढीच मोलाची आहे. खांबावर चढलेला माणूस संध्याकाळी धडधाकट घरी परतावा, यासाठी संस्थेने स्वतःला कशी शिस्त लावून घेतली, त्याची ही हकिगत.

या हकिगतीची सुरुवात राज्य होण्याच्या बरीच आधी होते. १९५६ पर्यंत रायपूर ज्या प्रांतात होते, त्याची राजधानी नागपूर होती. राज्य पुनर्रचनेनंतर रायपूर नव्या मध्य प्रदेशात गेले आणि विजेचे मुख्यालय जबलपूरला राहिले. त्याच १९५६ साली भारतीय विद्युत नियमावली आली. देशातल्या वीज सुरक्षेला या नियमावलीने चौकट दिली. रस्ता ओलांडणारी कमी दाबाची तार जमिनीपासून किमान ५.८ मीटर आणि ११ केव्हीची तार किमान ६.१ मीटर उंच असली पाहिजे, तारेला हात लावण्यापूर्वी ती अर्थ केलेली, म्हणजे जमिनीशी जोडलेली, असली पाहिजे, अपघात झाल्यास २४ तासांच्या आत विद्युत निरीक्षकाला कळवले पाहिजे, अशी कलमे तीत होती. पुढची पन्नासहून अधिक वर्षे याच नियमांवर कामकाज चालले.

नियम कागदावर चोख होते. परंतु देशातल्या बहुतेक वीज मंडळांत प्रत्यक्ष कामाची रीत वेगळी होती. ज्याच्या छातीत दम तो खरा लाईनमन, अशी समजूत रूढ होती. हातमोजे घालणे भित्रेपणाचे वाटे. पक्कड, दोर आणि अनुभव एवढ्या शिदोरीवर माणसे खांबावर चढत. त्यांच्या हिमतीमुळेच वादळानंतर गावोगावचे दिवे पुन्हा लागले, हे निर्विवाद आहे. त्या हिमतीची किंमत मात्र कित्येक कुटुंबांना मोजावी लागली. अपघात घडला की तो नशिबावर किंवा मृताच्या बेपर्वाईवर टाकला जाई आणि संस्था त्यातून फारसे शिकत नसे.

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले आणि त्याच महिन्यात छत्तीसगड राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. कोरबा पूर्व, कोरबा पश्चिम आणि हसदेव बांगो ही केंद्रे मिळून १,३६० मेगावॅटची निर्मितीक्षमता वारशाने आली. वितरणाचे विस्कळीत जाळे, लांबच लांब ग्रामीण वाहिन्या, झुकलेले खांब आणि अपुरे मनुष्यबळही त्याच वारशात होते. नव्या मंडळापुढे पहिले आव्हान पुरवठ्याचे होते. सुरक्षेची चर्चा तेव्हा मागच्या बाकावर होती. २००३ च्या विद्युत कायद्याने चित्र बदलायला सुरुवात झाली. कलम ५३ मध्ये सुरक्षेच्या तरतुदी आल्या. कलम १६१ ने अपघाताची सूचना आणि चौकशी यांना नव्याने कायद्याचे बळ दिले. राज्याच्या मुख्य विद्युत निरीक्षकांचे कार्यालय ही आता टाळता न येणारी चौकी झाली.

मंडळाच्या कसोटीचा प्रसंग २००७ च्या उन्हाळ्यात आला. मे महिन्याच्या अखेरीस नारायणपूर भागात माओवाद्यांनी २२० केव्ही वाहिनीचे मनोरे उडवले आणि बस्तरचा मोठा प्रदेश कित्येक दिवस अंधारात गेला. रुग्णालये, पाणीपुरवठा, खाणी सारेच अडले. दुरुस्तीला जाणाऱ्या अभियंत्यांना आणि कामगारांना विजेइतकीच पेरलेल्या सुरुंगांची धास्ती होती. जंगलात, सुरक्षा दलांच्या पहाऱ्यात त्यांनी मनोरे पुन्हा उभे केले. कामगाराचा जीव खांबाखालच्या जमिनीवर आणि तिथवर जाणाऱ्या वाटेवरही सांभाळावा लागतो, हे या भागात काम करणाऱ्यांना वेगळे सांगावे लागले नाही.

१ जानेवारी २००९ पासून मंडळाचे विभाजन झाले. निर्मिती, पारेषण, वितरण, ट्रेडिंग आणि होल्डिंग अशा पाच कंपन्या झाल्या. विभाजनामुळे जबाबदारीच्या सीमा स्पष्ट झाल्या आणि उपकेंद्रातली चूक वाहिनीवर ढकलणे अवघड झाले. पाठोपाठ केंद्रीय विद्युत प्राधिकरणाची २०१० ची सुरक्षा विनियमावली आली आणि १९५६ च्या नियमांची जागा तिने घेतली. वाहिनीवर काम करण्यास कोण पात्र आहे हे आता लेखी नेमून द्यावे लागे. हातमोजे, रबरी बूट, सेफ्टी बेल्ट, शिडी, हेल्मेट, लाईन टेस्टर आणि अर्थिंगची साधने पुरवणे हे मालकाचे कर्तव्य ठरले. २०११ च्या विनियमांनी सुरक्षा अधिकारी, सुरक्षा समिती आणि सुरक्षा पुस्तिका यांची चौकट घालून दिली. सुरक्षा ही कामगाराची वैयक्तिक खबरदारी न राहता संस्थेची जबाबदारी झाली. या वाटचालीतला सर्वांत मोठा टप्पा हाच म्हणावा लागेल.

या जबाबदारीचे प्रत्यक्ष रूप परमिटमध्ये, म्हणजे वाहिनीवर काम करण्याच्या परवानगीत, दिसते. एखाद्या ११ केव्ही फिडरवर काम करायचे असेल तर लाईनमन आधी उपकेंद्रातल्या ऑपरेटरकडे परमिट मागतो. ऑपरेटर ब्रेकर उघडतो, आयसोलेटर उघडून कुलूप लावतो, ‘माणसे काम करत आहेत’ अशी पाटी अडकवतो आणि वेळ, फिडर व मागणाऱ्याचे नाव वहीत नोंदवतो. कामाच्या जागी आधी टेस्टरने तार मृत असल्याची खात्री केली जाते. मग तार जमिनीशी जोडणारे डिस्चार्ज रॉड लावतात. त्यालाही क्रम आहे. रॉडच्या वायरचे टोक आधी जमिनीतल्या अर्थिंगला घट्ट बसवायचे आणि त्यानंतर हूक तारेवर अडकवायचा. काढताना नेमके उलट करायचे. हा क्रम चुकला तर जीव वाचवणारी वस्तूच घातक ठरते. कामाच्या दोन्ही बाजूंना रॉड लागले की मगच माणूस वर चढतो. काम संपल्यावर माणसे मोजली जातात, हत्यारे मोजली जातात, रॉड उतरतात आणि ज्याने परमिट घेतले त्यानेच ते परत केल्याशिवाय वाहिनी चालू होत नाही. ‘आता झालंच असेल’ या अंदाजावर स्विच टाकण्याची जुनी सवय मोडायला जेवढे कष्ट पडले, तेवढे नवी साधने आणायलाही पडले नाहीत.

दरम्यान पसारा वाढत होता. २०१६ पर्यंत मडव्याचा १,००० मेगावॅटचा अटल बिहारी वाजपेयी प्रकल्प कार्यान्वित झाला. पुढे कोरबा पूर्वचे जुने संच निवृत्त होऊनही सरकारी निर्मितीक्षमता २,९७८ मेगावॅटवर स्थिरावली. २०१७ नंतर घरोघरी वीज नेणाऱ्या सौभाग्य योजनेत दुर्गम पाड्यांपर्यंत तारा गेल्या आणि नवे धोकेही आले. पुरवठा बंद असताना एखाद्या दुकानातला जनरेटर, त्याला बाहेरच्या तारेपासून तोडणाऱ्या चेंजओव्हर स्विचशिवाय, चालू झाला की वीज उलटी फिरून मृत तारेत शिरते. वीजचोरीसाठी तारांवर टाकलेले आकडे वाऱ्याने हलतात. रानडुकरासाठी शिकाऱ्यांनी वीज सोडलेल्या तारांमध्ये गावकरीही सापडतात. उत्तर छत्तीसगडात लोंबणाऱ्या तारांनी हत्तींचे बळी घेतले आणि तो प्रश्न बिलासपूरच्या उच्च न्यायालयापर्यंत गेला. खुद्द रायपुरात गणेश विसर्जनाच्या रात्री उंच झांक्या, म्हणजे देखावे, तारांना जवळजवळ टेकतात. यांतल्या प्रत्येक धोक्याने वितरण कंपनीला नवे काम दिले. कुठे खांब उंच केले, कुठे उघड्या तारांच्या जागी आवरण असलेली एरियल बंच्ड केबल टाकली, कुठे मिरवणुकीच्या मार्गावरचा पुरवठा आणि माणसांचा पहारा यांचे नियोजन केले. देशात विजेच्या धक्क्याने दरवर्षी बारा हजारांहून अधिक माणसे दगावतात, अशी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी सांगते. त्यांत सामान्य नागरिक मोठ्या संख्येने असतात. त्यामुळे सुरक्षेचे काम उपकेंद्राच्या कुंपणापाशी थांबू शकत नाही, हे कंपनीने ओळखले.

या प्रवासातली सर्वांत कठीण गाठ कंत्राटी कामगारांची होती. नियमित भरती कमी झाली तसे खांबावर चढणारे अनेक हात संविदा, म्हणजे करारावरचे, आणि ठेकेदारीतले झाले. त्यांचे प्रशिक्षण तुटपुंजे आणि साधने ठेकेदाराच्या मर्जीवर, परंतु धोका मात्र सर्वांएवढाच. २०२२ मध्ये संविदा वीजकर्मचाऱ्यांनी रायपुरात दीर्घ आंदोलन केले. नियमितीकरणाबरोबरच कामावर जीव गमावलेल्या सहकाऱ्यांच्या कुटुंबांना आधार मिळावा, ही त्यांची मागणी होती. त्या आंदोलनाने सुरक्षेच्या चर्चेत एक सत्य कायमचे रुजवले. तारेतली वीज नियमित आणि कंत्राटी असा भेद करत नाही, तेव्हा संस्थेनेही तो करता कामा नये. या सत्याला पुरेसा न्याय देण्याचे काम अजून चालू आहे. ते नेटाने चालले पाहिजे.

५ एप्रिल २०२४ रोजी आणखी एक धडा मिळाला. रायपूरच्या गुढियारी भागातल्या वितरण कंपनीच्या भांडारात भीषण आग लागली. साठवलेल्या ट्रान्सफॉर्मरमधल्या तेलाने ती भडकत गेली आणि काळ्या धुराचे लोट शहरभर दिसले. आसपासच्या वस्तीतल्या कुटुंबांना हलवावे लागले. ठिकठिकाणचे बंब, अग्निशमन जवान, पोलीस आणि कंपनीचे कर्मचारी तासन्‌तास झटले. जीवितहानी टळली, मालाचे नुकसान मोठे झाले आणि चौकशी समिती नेमली गेली. वाहिनीवरच्या सुरक्षेकडे लक्ष पुरवताना गोदामांकडेही तेवढ्याच काटेकोरपणे पाहावे लागते, हे त्या दिवशी सर्वांनाच उमगले. सुरक्षेची संस्कृती एकदा उभारून मोकळे होता येत नाही. ती रोज राखावी लागते.

त्याआधीच, २०२३ मध्ये, केंद्रीय विद्युत प्राधिकरणाची नवी सुरक्षा विनियमावली लागू झाली होती. १९६६ साली राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली तो ४ मार्च हा दिवस देशभर सुरक्षा दिन म्हणून पाळला जातो. अलीकडे त्याच तारखेला लाईनमन दिवसही साजरा होऊ लागला आहे. ज्याच्या नावाने पूर्वी फक्त तक्रारी येत, त्याचा वर्षातून एकदा तरी मान राखला जातो, ही समाधानाची बाब आहे. तक्रारीसाठी १९१२ हा क्रमांक आणि ‘मोर बिजली’ ॲप आहे. तुटलेल्या तारेची खबर त्यांतून लवकर पोहोचते, म्हणून ही सोय सुरक्षेचीही आहे.

या वाटचालीचे श्रेय कोणा एकाचे नाही. रात्री-अपरात्री परमिटची वही जपणारे ऑपरेटर, साधनांविना काम करण्यास ठाम नकार देणारे लाईनमन, त्या नकाराच्या पाठीशी उभे राहणारे कनिष्ठ अभियंते, अपघातांचा माग काढणारे निरीक्षक, हक्कांसाठी भांडणाऱ्या कामगार संघटना आणि ऐन उन्हाळ्यातल्या नवतप्याच्या उन्हात कामावर गेलेल्या माणसाची वाट पाहणारी घरची मंडळी, या सर्वांनी मिळून ती घडवली आहे. हिमतीवर चालणारे काम शिस्तीवर आले, हीच या संस्थेची खरी मिळकत आहे.

आता काही वाटा ग्राहकांनीही उचलायचा आहे. जनरेटरला चेंजओव्हर स्विच बसवावा. तुटलेल्या तारेजवळ स्वतः न जाता, कोणाला जाऊ न देता १९१२ वर कळवावे. आणि वादळी रात्री वीज गेली की लाईनमनला घाई करू नये. त्याला लागणारी दहा मिनिटे परमिटची असतात. ती त्याला मिळालीच पाहिजेत.