शालान्त वर्गांतील शास्त्रविषयांची निवड : नेरे (ता. मुळशी) परिसराच्या निमित्ताने एक ऐतिहासिक विचार

१

शालेय शिक्षणाच्या अखेरच्या वर्षांत शास्त्रविषय घ्यावेत किंवा न घ्यावेत, हा प्रश्न सामान्यतः विद्यार्थ्याच्या आवडीचा व बुद्धीचा मानला जातो. पालक आणि शिक्षक त्याची चर्चा गुणांच्या भाषेत करतात. परंतु महाराष्ट्रातील माध्यमिक शिक्षणाचा इतिहास पाहिला असता असे दिसते की, ही निवड विद्यार्थ्याने करण्यापूर्वीच बव्हंशी होऊन गेलेली असते. शाळा किती अंतरावर आहे, तेथे कोणते गणित शिकवितात, शास्त्र कोणत्या भाषेतून शिकवितात आणि प्रयोगाची साधने विद्यार्थ्याच्या हाती लागतात की नाही, या चार गोष्टींनी ती ठरत आली आहे.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील नेरे या गावाच्या बाजूने करावयाचा आहे. मारुंजी, जांबे व कासारसाई यांच्या शेजारचे हे गाव पुणे शहरापासून अवघे वीस-पंचवीस किलोमीटर दूर आहे. विद्येचे माहेरघर म्हणविणाऱ्या शहराच्या इतके निकट असलेल्या गावातून हा इतिहास कसा दिसतो, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

२

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले व त्याची पहिली प्रवेश परीक्षा, म्हणजे मॅट्रिक, १८५९ मध्ये झाली. महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्यांपैकी होत. या परीक्षेचा भर भाषा व गणित यांवर होता. सृष्टिशास्त्राच्या मूलतत्त्वांस पुढे जे स्थान मिळाले तेही सामान्य ज्ञानाचा एक भाग म्हणून. शास्त्रविषयाची ‘निवड’ करण्याचा प्रसंग विद्यार्थ्यावर फारसा येतच नसे. विद्यापीठाने शास्त्राची स्वतंत्र पदवी १८७९ च्या सुमारास निर्माण केली, आणि त्याच सुमारास पुण्याचे स्थापत्य-शिक्षणाचे विद्यालय ‘कॉलेज ऑफ सायन्स’ या नावाने ओळखले जाऊ लागले. वर शास्त्राची पदवी आली तेव्हाच खाली शाळेत त्या पदवीकडे जाणाऱ्या वाटेचा प्रश्न उत्पन्न झाला.

त्या काळी ही वाट शहरातूनच जात होती. १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल निघाले, १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी व १८८५ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालय स्थापन झाले. या संस्थांनी पुण्यात माध्यमिक शिक्षणाची मोठी सोय केली हे निर्विवाद आहे. परंतु मावळपट्टीतील शेतकऱ्याच्या मुलास तिचा लाभ घ्यावयाचा तर शहरात बिऱ्हाड करणे, नातलगाकडे राहणे किंवा वार लावून जेवणे, एवढेच मार्ग होते. आणि यांपैकी शेवटचा मार्गही सर्व जातींच्या मुलांना सारखा खुला नव्हता.

३

१९४८ च्या कायद्यान्वये शालान्त परीक्षेची व्यवस्था स्वतंत्र मंडळाकडे आली व १९४९ मध्ये पहिली एस. एस. सी. परीक्षा झाली. अकरा इयत्तांच्या त्या शाळेत विषयांची निवड ही प्रथमच सर्वसामान्य विद्यार्थ्याच्या अनुभवाची गोष्ट झाली. बीजगणित-भूमिती घ्यावयाची की सोपे गणित, पदार्थविज्ञान-रसायन घ्यावयाचे की शरीरविज्ञान व आरोग्यशास्त्र, हे आठवी-नववीच्या सुमारास ठरे. चौदा वर्षांच्या मुलाने, किंवा अधिक खरे बोलावयाचे तर त्याच्या शाळेने, घेतलेला हा निर्णय पुढे बदलणे दुरापास्त असे. कारण बीजगणित-भूमितीवाचून महाविद्यालयाच्या शास्त्रशाखेत पाय ठेवणे कठीण होते.

मुलींच्या बाबतीत ही गोष्ट विशेष ध्यानात घेतली पाहिजे. धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाने मातृभाषा हे शिक्षणाचे माध्यम केले आणि गृहशास्त्र व आरोग्य या विषयांस मानाचे स्थान दिले. भाषेचा अडसर दूर करणारे हे पाऊल त्या काळात धाडसाचे होते. तथापि ‘मुलींना उपयुक्त विषय’ ही कल्पना पुढे सामान्य शाळांत रुजली, तेव्हा तिचा एक परिणाम असा झाला की पुष्कळ मुलींच्या वाट्यास सोपे गणित आले व शास्त्रशाखेचे दार आपोआप मिटले. हेतू उदार असूनही फळ संकुचित निघू शकते, याचे हे उदाहरण होय.

४

ग्रामीण भागात माध्यमिक शाळा पोहोचविण्याचे कार्य मुख्यत्वे खाजगी संस्थांनी केले. कर्मवीर भाऊराव पाटील यांची रयत शिक्षण संस्था १९१९ ची. पुणे जिल्ह्याच्या खेड्यांतून शाळा काढणारे पुणे जिल्हा शिक्षण मंडळ १९४१ चे. या शाळांमुळे अंतराचा अडसर पुष्कळ कमी झाला. परंतु शाळा निघणे आणि शाळेत शास्त्र शिकविले जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. शास्त्राचा पदवीधर शिक्षक खेड्यात टिकत नसे, आणि प्रयोगाचे साहित्य असलेच तर ते कुलुपबंद कपाटात राही.

मुळशी तालुक्याच्या बाबतीत यात एक विसंगती दिसते. येथील शेतकऱ्यांनी सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली १९२१ पासून ज्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, त्या धरणाच्या पाण्यावर निर्माण होणारी वीज मुंबईच्या गिरण्यांसाठी होती. विद्युत्‌शास्त्राचा एवढा मोठा प्रयोग ज्या तालुक्याच्या भूमीवर झाला, त्या तालुक्यातील मुलांना साधा विद्युत्‌घट हाताळावयास मिळण्यास मात्र दीर्घकाळ वाट पाहावी लागली.

५

या इतिहासातील सर्वांत मोठे स्थित्यंतर १९७५ मध्ये घडले. कोठारी आयोगाने (१९६४-६६) पहिल्या दहा वर्षांत शास्त्र व गणित सर्वांस आवश्यक असावे अशी शिफारस केली होती. त्या धोरणास अनुसरून महाराष्ट्रात दहा इयत्तांची शालान्त परीक्षा १९७५ पासून सुरू झाली. मुलींना सोप्या गणिताकडे वळविण्याची जुनी प्रथा त्यामुळे खंडित झाली, आणि खेड्यातील प्रत्येक मुलामुलीने दहावीपर्यंत शास्त्र शिकावे हे तत्त्व मान्य झाले. हा लाभ थोर आहे.

परंतु त्याचबरोबर निवडीची जागा बदलली. पूर्वी ती हायस्कुलात होत असे. आता ती अकरावीत, म्हणजे कनिष्ठ महाविद्यालयात होऊ लागली. कला शाखेस खोली, फळा व शिक्षक पुरतात. शास्त्रशाखेस पदार्थविज्ञान, रसायन व जीवशास्त्र यांच्या प्रयोगशाळा लागतात. साहजिकच ग्रामीण शाळांना जोडून निघालेल्या उच्च माध्यमिक वर्गांत कला शाखा आधी आली व शास्त्रशाखा मागाहून आली, किंवा आलीच नाही. नेऱ्यासारख्या गावातील विद्यार्थ्याच्या दृष्टीने ‘शास्त्र घेणे’ याचा अर्थ पुन्हा एकदा ‘रोज दूर जाणे’ असा झाला. मुलीच्या बाबतीत तो एस. टी.च्या वेळापत्रकाचा व घरच्या अनुमतीचा प्रश्न झाला.

गणिताचा जुना फाटाही सर्वथा नाहीसा झाला नाही. नववी-दहावीत ‘सामान्य गणित’ हा पर्याय मध्यंतरी काही वर्षे उपलब्ध होता व २०१८-१९ पासून तो बंद करण्यात आला. तो घेणाऱ्यास उत्तीर्ण होणे सुलभ जाई. परंतु शास्त्रशाखा त्यास अंतरे.

६

भाषेचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातील बाळाजी प्रभाकर मोडक (१८४७-१९०६) यांनी एकोणिसाव्या शतकातच पदार्थविज्ञान व रसायन या विषयांवर मराठीत ग्रंथ लिहिले. पुण्यात १९२८ मध्ये ‘सृष्टिज्ञान’ मासिक निघाले, १९४८ मध्ये दाते-कर्वे यांचा ‘शास्त्रीय परिभाषा कोश’ प्रसिद्ध झाला, आणि १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या पाठ्यपुस्तक मंडळाने मराठी शास्त्रपुस्तके घरोघरी पोहोचविली. दहावीपर्यंतचे शास्त्र मराठीतून उत्तम रीतीने सांगता येते, हे या परंपरेने सिद्ध केले.

तथापि होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने १९७० नंतरच्या दशकात जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरात व पुढे मुंबईच्या नगरपालिका शाळांतील वंचित विद्यार्थ्यांबरोबर जे कार्य केले, त्यातून व्ही. जी. कुलकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक महत्त्वाची गोष्ट पुढे आणली. मराठी असूनही पाठ्यपुस्तकाची संस्कृतप्रचुर भाषा मुलाच्या घरच्या बोलीपासून दूर असते, आणि आकलनातील अडचण बुद्धीची नसून पुष्कळदा या भाषेची असते. भाषा सुलभ केल्यावर त्याच विद्यार्थ्यांचे आकलन सुधारले.

दहावीनंतर हे अंतर अधिकच वाढते, कारण शास्त्रशाखेचे अध्यापन प्रायः इंग्रजीतून चालते. अकरा वर्षांचे शालेय शिक्षण मराठीतून घेतलेल्यांस हा धक्का महाविद्यालयात बसत असे. आता तो सोळाव्या वर्षी बसतो. त्यास भिऊन अनेक पालक माध्यमिक वर्गांतच शास्त्र व गणित इंग्रजीतून घेतात. अशा रीतीने अकरावीची निवड आठवीपर्यंत, क्वचित पाचवीपर्यंत मागे सरकली आहे.

७

प्रयोगाच्या बाबतीत पुणे जिल्ह्यातीलच दोन उपक्रमांचा निर्देश केला पाहिजे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये शिरूर तालुक्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम स्थापन केला व हाताने काम करीत शास्त्र शिकविण्याची पद्धती तयार केली. तिच्यातून सिद्ध झालेला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम आठवी ते दहावीसाठी शालान्त मंडळाने स्वीकारला. १९९५ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या ‘विज्ञानवाहिनी’ने प्रयोगशाळाच मोटारीत घालून खेड्यांतील शाळांच्या दारी नेली. पाबळच्या उपक्रमाने खेड्यातील कामासच प्रयोगशाळा मानले. विज्ञानवाहिनीने प्रयोगशाळेस खेड्यात आणले. दोन्हींच्या मुळाशी एकच जाणीव आहे : विद्यार्थ्याने शास्त्र पाहिलेच नसेल, तर त्याने ते निवडले नाही असे म्हणण्यास अर्थ नाही.

८

विसाव्या शतकाच्या अखेरीस नेऱ्याच्या शेजारी हिंजवडी येथे माहिती तंत्रज्ञानाची वसाहत उभी राहिली, आणि अंतराचा जुना प्रश्न बाह्यतः तरी संपला. परंतु भाषा व प्रयोग हे अडसर किलोमीटरांनी मोजता येत नाहीत. शेजारच्या उद्योगात स्थानिक मुलांना कोणत्या कामावर घेतले जाते, याचे उत्तर पुष्कळ अंशी त्यांच्या शालान्त वर्गांत काय शिकविले गेले यात सापडेल.

हे उत्तर अनुमानाने देणे योग्य नव्हे. मुळशी तालुक्यातील शाळांच्या जनरल रजिस्टरांतून कोणता विद्यार्थी कोणत्या इयत्तेत शाळा सोडून गेला हे कळते. शाळा-तपासणीच्या शेरेपुस्तकांतून शास्त्रसाहित्याची स्थिती कळते. आणि १९७५ पूर्वी शालान्त परीक्षा दिलेली पिढी गावोगावी अद्याप बोलती आहे. ही रजिस्टरे जीर्ण होत आहेत व ही पिढी वृद्ध झाली आहे. नेरे व त्याच्या शेजारच्या चार-पाच गावांपुरते का होईना, हे साधन वेळीच संकलित झाले, तर ‘आमच्या मुलांना शास्त्र झेपत नाही’ या नेहमीच्या विधानात तथ्य किती आहे, आणि ज्यांस ते कधी नीट दाखविलेच नाही अशांची संख्या किती आहे, हे निश्चितपणे सांगता येईल.