पांढरं पडलेलं पॉलिश

आमच्या वळसंगला पाऊस तसा कमीच. पण त्या वर्षी भाद्रपदात झड लागली. मिस्त्री म्हणाले, "गुरुजी, ऊन पडू द्या." वडिलांना गणपतीआधी देव्हारा चकचकीत हवा होता, म्हणून मी ऐकलं नाही. पॉलिश पांढरं पडलं.

कारण पुढे वाचनात आलं. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून लावतात. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो नि हवेतली वाफ त्या थरात अडकते. एकोणिसाव्या शतकात युरोपभर पसरलेल्या फ्रेंच पॉलिशचा चपडा जायचा आपल्याकडूनच, छोटा नागपूरच्या पळस-कुसुमावरच्या किड्यांचा. १९२४ साली रांचीजवळ नामकुमला लाखेची संशोधन संस्थाही निघाली. (गंमत म्हणजे जपानी लाख, म्हणजे एका झाडाचा चीक, दमट हवेतच वाळते!)

दिवाळीच्या उन्हात मिस्त्रींनी पुन्हा हात मारला. देव्हारा झळकला. तोवर वडील नव्हते.