मालदांडीची वंशावळ

दामाजीपंतांनी दुष्काळात धान्याची कोठारे खुली केली, ही कथा मंगळवेढ्याची. त्या गावच्या शिवारात ज्वारी पेरतात तीही पाऊस संपत आल्यावर. काळ्या, खोल जमिनीने पावसाळ्यात जे पाणी धरून ठेवले, त्यावर पीक थंडीत वाढते. जमीन भेगाळत असताना कणसात दाणा कसा भरतो, असे मुलांनी विचारले तर आपण काय सांगावे?

१९३० नंतरच्या दशकात याच जिल्ह्यातील मोहोळ येथे स्थानिक मालदांडी ज्वारीतून एम ३५-१ हा वाण निवडण्यात आला. अशा निवडीची रीत साधी असते. शेतातली ज्वारी एकसारखी दिसली तरी झाडाझाडांत फरक असतो. चांगल्या झाडाचे कणीस वेगळे ठेवायचे, त्याचे दाणे वेगळ्या ओळीत पेरायचे, ओळींची तुलना करून सरस ती राखायची. ज्वारीत स्वपरागण अधिक, म्हणून गुण टिकतात. (डार्विननेही १८५९च्या ग्रंथाची सुरुवात पाळीव प्राणी आणि पिकांपासूनच केली होती.) १९६४ साली सीएसएच-१ हा संकरित वाण आला. पुढे खरिपात संकरित ज्वारी पसरली, पण रब्बीत मालदांडी हटली नाही. तिची भाकरी चांगली होते, खोडमाशीला ती बऱ्यापैकी तोंड देते आणि कडबा भरपूर मिळतो. ज्याच्या दावणीला बैल आहे, त्याला कडबा दाण्याइतकाच मोलाचा.

ज्वारीचा संपूर्ण जनुकसंच वाचून झाला तो २००९ साली. सुमारे ७३ कोटी अक्षरांचा हा मजकूर भाताच्या जवळजवळ दुप्पट आहे. ज्वारी भातापेक्षा कमी पाण्यात साखर तयार करते. तुलना केल्यावर दिसले, की त्यासाठी अगदी नवी जनुके घडली नव्हती. जुन्यांच्या प्रती निघाल्या आणि त्यांतल्या काहींनी नवे काम पत्करले. अवर्षण सोसण्यामागेही अशा प्रतींचा वाटा असावा, असे संशोधकांना वाटते. २०१५ साली ऑक्टोपसचा जनुकसंच वाचला, तेव्हाही हाच प्रकार आढळला: मज्जापेशींच्या जोडणीशी संबंधित प्रोटोकॅडहेरिन कुळातली जनुके त्याच्यात तब्बल १६८ निघाली!

मात्र २००९ साली वाचली गेली ती मालदांडी नव्हे, बीटीएक्स ६२३ हा अमेरिकेतील वाण. मालदांडीचे गुण कोणत्या जनुकांत आहेत हे शोधायचे, तर तिचा दुसऱ्या वाणाशी संकर करून पिढ्यान्‌पिढ्या शेतातच मोजमाप करावे लागते. आमच्या मते खरी चिंता वेगळीच आहे. ज्या सरमिसळीतून एम ३५-१ निवडला, ती सरमिसळ सगळीकडे एकच वाण पेरल्याने कमी होत जाते. हैदराबादजवळ पाटणचेरू येथील इक्रिसॅट संस्थेत ज्वारीचे ३५ हजारांहून अधिक नमुने थंड कोठारात जपले आहेत. पण तिथे त्यांना दुष्काळ भेटत नाही.

हुरड्याच्या दिवसांत मुलांना घरच्या शेतातली दहा कणसे आणायला सांगावे, आणि ती शेजारी शेजारी मांडून फरक मोजायला लावावे.