बटणपेटी (सॉलिड मॉडेलिंग)

सॉलिड मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरला आज्ञा देण्यासाठी माउस व कळफलकाच्या जोडीला वापरायचे बटणांचे स्वतंत्र उपकरण. उजवा हात माउसवर राहतो. डावा हात स्केच, एक्स्ट्रूड, फिलेट, दृश्यबदल अशा आज्ञा देतो. मेनूत शोधाशोध करावी लागत नाही.

आयबीएमच्या 2250 या 1964 च्या ग्राफिक्स पडद्याबरोबर 32 कळांची अशी पेटी मिळे. कळांवरचे आच्छादन बदलले की त्याच कळांना नवी कामे लागत. पुढे कॅटिया या सॉफ्टवेअरच्या वर्कस्टेशनवर दिव्यांच्या 32 कळा आणि मॉडेल फिरवायला आठ घुंड्या आल्या.

आज ही पेटी हौसेने घरीही बनते. मुंबईत साहित्य लॅमिंग्टन रोडवर मिळते. एटीमेगा 32यू4 चिपचा आर्डुइनो बोर्ड संगणकाला यूएसबी कळफलक म्हणूनच दिसतो, म्हणून वेगळा ड्रायव्हर लागत नाही. सोळा बटणे 4 × 4 जाळीत जोडल्यास आठच पिना पुरतात. प्रत्येक बटणाला डायोड दिला की अनेक बटणे एकदम दाबली तरी खोटी नोंद होत नाही. दाबताना स्विचचे संपर्क काही मिलिसेकंद थरथरतात. तेवढा वेळ प्रोग्रॅम थांबला नाही, तर एकच आज्ञा दोनदा जाऊ शकते. प्रत्येक बटण एक शॉर्टकट पाठवते आणि तोच सॉलिडवर्क्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये हव्या त्या आज्ञेला जोडावा लागतो. बटणे मोजकीच बरी. फार झाली तर बोटांना त्यांच्या जागा आठवत नाहीत. त्रिमितीय माउस हे निराळे साधन. त्याचे मुख्य काम मॉडेल फिरवणे-सरकवणे.